विषय: ५०० किलोची लिफ्ट, जिच्यावर मोटरसायकल ठेवायची नाही

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख आणि उत्पादन विभागप्रमुख
(दोघांनीही वाचावं. एकमेकांकडे बोट दाखवण्यात आजवर सात फोन गेले आहेत.)

सातवा फोन आज सकाळी अकरा चाळीसला संपला. संपला म्हणजे तुमच्या बाजूने कापला गेला. तुमच्याकडे याच तक्रारीची तीन वेगवेगळी तिकिटं आहेत आणि तिन्हींवर ‘निराकरण झाले’ असा शेरा आहे, म्हणून आता लेखी कळवतो.

वस्तू तुमचा ‘होम गॅरेज कॉम्बो’: स्क्रू फिरवून कात्रीसारखी उघडणारी सिझर लिफ्ट, बीड ब्रेकर (बीड म्हणजे रिमवर बसणारी टायरची कडा, ती दाबून सोडवायचं अवजार), तीन टायर लिव्हर (टायर रिमवरून उपसायच्या पट्ट्या), चार रिम प्रोटेक्टर. बिल १३,४९९ रुपयांचं. गाडी रॉयल एनफील्डची हंटर ३५०, अलॉय चाकांची, वजन १८१ किलो, मागचा टायर १४०/७०-१७, ट्यूबलेस. तुमच्या जाहिरातीत हीच गाडी तुमच्याच लिफ्टवर उभी आहे, तेव्हा ‘कुठली गाडी होती?’ हा प्रश्न आठव्यांदा कोणी विचारू नये.

लिफ्ट तिसऱ्या वेळी जाम झाली. पहिल्या वेळी स्क्रू जड गेला, दुसऱ्या वेळी करकरला. तिसऱ्या वेळी दोन्ही चाकं जमिनीपासून जेमतेम चार सेंटिमीटर वर आली आणि स्क्रू थांबला, तो ना वर ना खाली. १९ च्या पान्याला पाइप लावूनही हलला नाही. दोघांनी गाडी धरायची आणि तिसऱ्याने चाकांखाली फळ्या सरकवायच्या, असं करून ती बाजूला काढावी लागली. खाली पाहिलं तर स्क्रूवर चांदीसारखा चमकणारा लोखंडाचा चुरा, आणि नट ज्या ठोकळ्यात बसवलाय त्याच्या वेल्डिंगला अर्ध्या घेरापर्यंत तडा. आणखी दोन फेरे दिले असते तर ठोकळा सुटला असता आणि गाडी खाली आली असती.

हे का झालं ते तुमच्या उत्पादन विभागाला माहीत असणारच, तरी लिहितो. सिझर लिफ्टचे हात जितके आडवे, तितका स्क्रूवर ताण जास्त. हात जमिनीशी ४५ अंशांत असतील तर स्क्रूवर गाडीच्या वजनाइतकाच ताण येतो. ३० अंशांत तो तीनशे किलोच्या वर जातो आणि २० अंशांत जवळपास पाचशे किलो होतो. तेही १८१ किलोच्या गाडीसाठी, घर्षण न धरता. या गाडीखाली मोकळी जागा १५० मिलिमीटर, म्हणजे लिफ्ट तिला टेकते तेव्हा हात अजून आडवेच असतात. सगळ्यात जास्त मार सुरुवातीलाच बसतो. म्हणून अशा स्क्रूला चौकोनी नाहीतर ट्रॅपेझॉइडल (सपाट माथ्याचे) आटे लागतात आणि डोक्याखाली थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे स्क्रूच्या लांबीच्या दिशेचा दाब झेलणारं बेअरिंग लागतं. तुम्ही बाजारातल्या साध्या बोल्टचे टोकदार आटे वापरलेत, नट त्याच मऊ लोखंडाचा दिलाय आणि थ्रस्ट बेअरिंगच्या जागी एक वॉशर घातलाय. एक! लोखंडावर लोखंड, मध्ये ग्रीसचा थेंब नाही. आटे एकमेकांना चावणार नाहीत तर काय करतील? ५११०३ नंबरचं थ्रस्ट बेअरिंग कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. साडेतेरा हजारांच्या वस्तूत तुम्ही नेमकं तेच वाचवलंत.

लिफ्टला अडणी नाही, म्हणजे उचलल्यावर आडवी घालायची पिन किंवा दात असलेली पट्टी. सगळा भार त्या एका स्क्रूवर. वरच्या पाटावरचे रबर चिकटवलेले आहेत, त्यातला एक दुसऱ्या वापरात निघून आला. पाट बाजूला हलवला तर दोन सेंटिमीटर डुलतो. मागचं चाक काढलं की वजन पुढे सरकतं. अशा वेळी दोन सेंटिमीटर म्हणजे काय होतं, ते एकदा तुमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये करून बघा.

आता त्या सातांपैकी एक फोन.

शनिवारी दुपारी तुमच्या प्रतिनिधीने फोन घेतला. स्क्रू, नट, तडा सगळं सांगितलं. चार फोटो आणि एक व्हिडिओ आधीच पाठवले होते. पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला आणि मग हा संवाद झाला. शब्द बदललेले नाहीत.

‘सर, प्रॉडक्ट जाम झालं तेव्हा त्याच्यावर लोड होता का?’

‘लोड म्हणजे?’

‘म्हणजे वर काही ठेवलं होतं का, सर?’

‘मोटरसायकल ठेवली होती.’

‘ओके सर. म्हणजे लोड होता.’ (पुन्हा टाइप केल्याचा आवाज.) ‘सर, लोडखाली झालेलं डॅमेज वॉरंटीत कव्हर होत नाही.’

‘अहो, ही मोटरसायकल उचलायची लिफ्ट आहे.’

‘बरोबर आहे सर. पण लोड नसताना जाम झाली असती तर रिप्लेसमेंट लगेच दिली असती.’

मी थोडा वेळ गप्प राहिलो, ते लाइन गेली म्हणून नव्हे. मग ‘सीनियरशी बोला’ म्हणून सहा मिनिटं संगीत ऐकवलंत. सीनियरनी विचारलं, ‘गाडी किती सीसीची?’ म्हटलं, ३४९. ते म्हणाले, ‘मग सर, ही लिफ्ट दीडशे सीसीपर्यंतच रेकमेंडेड आहे.’ लिफ्टच्या पायावर तुमचंच स्टिकर आहे: कमाल भार ५०० किलो. सीसी हे सिलिंडरच्या आकारमानाचं माप आहे, वजनाचं नाही. दीडशे सीसीची गाडी आणि साडेतीनशे सीसीची गाडी यांतला फरक लिफ्टला कळत नाही, तिला फक्त किलो कळतात. हे तीनदा सांगितलं. त्यावर सीनियर अत्यंत आपुलकीने म्हणाले, ‘सर, एवढा त्रास कशाला घेता? कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडे जा ना, दोनशे रुपयांत करून देतो.’

घरी टायर बदलायचं सामान विकणारी कंपनी गिऱ्हाइकाला पंक्चरवाल्याकडे पाठवते. मग खोक्यात लिफ्ट तरी कशाला घातलीत? त्याच पैशांत पंक्चरवाल्याचा पत्ता छापून पाठवला असता. सदुसष्ट चाकं झाली असती आणि वर सुट्टे उरले असते.

आता बाकीच्या सामानाचं, नाहीतर म्हणाल की तक्रार फक्त लिफ्टची होती.

ट्यूबलेस रिमवर बीड बसते त्या जागेच्या आतल्या बाजूला एक बारीक उंचवटा असतो, हवा गेली तरी बीड आत घसरू नये म्हणून. तो ओलांडायला जोर लागतो आणि तो जोर अगदी रिमच्या कडेलगत पडावा लागतो. तुमच्या बीड ब्रेकरला पिनेसाठी तीन भोकं आहेत. पहिल्यात पिन घातली तर बूट, म्हणजे टायर दाबणारं टोक, रिमवरच आपटतो. दुसऱ्यात घातली तर बूट टायरच्या पोटावर पडतो आणि टायर नुसता गादीसारखा दबतो, बीड जागची हलत नाही. तिसरं भोक कशासाठी आहे ते तुम्हीच सांगा. बरं, जाहिरातीतल्या माणसाच्या छातीपर्यंत येणारा दांडा खोक्यात नाही. आलेला दांडा ५८ सेंटिमीटरचा आहे, टेकूपासून बूट १५ सेंटिमीटरवर. म्हणजे जोर चौपटही होत नाही. माणसाने चाळीस किलोने दाबलं तर बुटावर कशीबशी दीडशे किलो. दांडा ९० सेंटिमीटरचा असता तर तेच चाळीस किलो दोनशे चाळीस झाले असते. चौथ्या दाबाला ८ मिलिमीटरची पिन केळ्यासारखी वाकली. त्यावर लोड होता, हे आधीच कबूल करतो.

लिव्हरची टोकं पाच मिलिमीटर जाड आहेत. एवढं जाड टोक बीडखाली शिरत नाही, शिरलंच तर बीड फाडतं. टोक अर्ध्या जाडीचं आणि चमच्यासारखं वळलेलं हवं. क्रोमचे पापुद्रे पहिल्याच वापरात निघाले आणि त्यांनी अलॉयच्या कडेवर तीन ओरखडे काढले. रिम प्रोटेक्टर असताना ओरखडे कसे, असं विचाराल. चारपैकी दोन प्रोटेक्टर रिमच्या ओठावर बसतच नाहीत, एक बसवताना तडकला, आणि चौथ्याला दोरी नसल्याने तो टायरच्या आत पडला. नायलॉनचा असता, भोकातून दोरी ओवलेली असती, तर हे झालं नसतं.

पुस्तिकेचं सहावं पान मात्र धोक्याचं आहे, ते आजच्या आज बदला. त्यात लिहिलंय, चाक डिस्क खाली करून फरशीवर ठेवा. मग लिव्हरचा सगळा जोर डिस्कवर जातो आणि ती वाकते. डिस्क वर हवी, आणि चाकाखाली जुना टायर किंवा दोन लाकडी ठोकळे हवेत, म्हणजे हबही फरशीवर टेकत नाही. त्यात लिहिलंय, ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावा. पेट्रोलियमच्या तेलाने रबर खराब होतं आणि टायर रिमवर फिरतो. साबणाचं दाट पाणी किंवा टायर पेस्ट लावायची असते. त्यात लिहिलंय, गाडी उचलल्यावर मागच्या अ‍ॅक्सलचा नट सैल करा. डुलणाऱ्या लिफ्टवर दोन फुटी पान्याला हिसका द्यायचा? नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करून घ्यायचा असतो, पोरसवदा मेकॅनिकलाही हे माहीत असतं. आणि त्यात लिहिलंय, बीड बसेपर्यंत ६० पीएसआयपर्यंत हवा भरा. मोटरसायकलच्या टायरला साधारण ४० च्या पुढे जायचं नसतं. टायरच्या बाजूवर कमाल आकडा छापलेला असेल तर तोच पाळायचा. न बसणाऱ्या बीडला जास्त हवा लागत नाही. हवा सोडायची, पुन्हा साबण लावायचा, व्हॉल्व्हची कोर काढून हवा जोरात जाऊ द्यायची, की दोन ‘टप्प’ ऐकू येतात. साठ पीएसआयला फुटलेल्या टायरपुढे तोंड घेऊन बसलेल्या माणसाला तुम्ही काय विचारणार? लोड होता का?

मुख्य गोष्ट तर पुस्तिकेत नाहीच. लिव्हर जिथे लावला त्याच्या बरोबर समोरची बीड रिमच्या मधल्या खोलगट भागात गुडघ्याने दाबून धरावी लागते. ती तिथे उतरली नाही तर लिव्हर कितीही लांब असो, टायर निघत नाही. एका वेळी दोन बोटं एवढाच घास घ्यायचा. आणि ज्या गाड्यांचा एक्झॉस्ट पोटाखाली आहे, उदाहरणार्थ पल्सर एनएस २००, त्यांच्याखाली ही लिफ्ट लावायचीच नाही, हेही कुठे लिहिलेलं नाही. त्यांना पॅडॉक स्टँडच हवा, म्हणजे मागून लावून चाक उचलून धरणारा स्टँड.

पॅडॉक स्टँडवरून आठवलं. तुमचाच जुना स्टँड सहा वर्षं झाली तरी ताठ उभा आहे. वेल्डिंग शिवणीसारखं सरळ, चाकांत नायलॉन, रबर अजून जागेवर. त्याच नावावर विश्वास ठेवून हा कॉम्बो घेतला होता. स्टँड बनवणारी माणसं तुमच्याकडून गेली का? गेली असतील तर नावही त्यांच्याबरोबर द्यायचं होतं.

बदली लिफ्ट नको आहे. तोच वॉशर पुन्हा येईल. पूर्ण १३,४९९ रुपये परत हवेत, पंधरा दिवसांत, मूळ खात्यात. ‘स्टोअर क्रेडिट’ नको. सहाव्या पानाची दुरुस्ती ज्यांनी हा कॉम्बो घेतलाय त्या सगळ्यांना पाठवा. जाहिरातीतला लांब दांडा आणि खोक्यातला आखूड दांडा यांचे शेजारी-शेजारी काढलेले फोटो माझ्याकडे आहेत. दिशाभूल करणारी जाहिरात ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वेगळी बाब आहे, आणि सदोष उत्पादनाच्या जबाबदारीवर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवतो आहेच. जिल्हा ग्राहक आयोगात वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर दाव्याला शुल्क नाही, आणि दावा राहत्या जिल्ह्यात लावता येतो, तुमच्या शहरात यावं लागत नाही. तिथे तुमचा तो फोन आयोगासमोर वाचून दाखवायला आवडेल. ‘लोड नसताना जाम झाली असती तर’ हे वाक्य विशेष.

राहता राहिला परताव्याचा नियम. तुमच्या ईमेलनुसार वस्तू ‘मूळ पॅकिंगमध्ये, पूर्ण मिटलेल्या अवस्थेत’ द्यायची आहे. लिफ्ट अर्धवट उघडी अडकली आहे, ती मिटत नाही, म्हणूनच तर तक्रार आहे. मूळ खोकं १४ सेंटिमीटर उंच, लिफ्ट आत्ता २१. पिकअपवाल्याला मोठं खोकं देऊन पाठवा. माणूस दणकट पाठवा, सतरा किलो आहे.