बादलीच्या तळाशी वाळू

प्रिय बबड्या,

परवा फोनवर तू जे बोललास त्यावर मी काहीच बोलले नाही, कारण बाबा बाजूलाच बसले होते आणि फोन स्पीकरवर होता. तुला ते माहीत नव्हतं. "चारही घोडी काढून टाका, त्या जागेवर दोन रूम बांधा, एसी लावा, मुंबईची माणसं घोडी बघायला येतात का?" असं तू म्हणालास आणि बाबा उठले, घोडी घासायचा खरारा घेतला आणि बाहेर गेले. रात्री नऊ वाजता कोण खरारा करतं रे? म्हणून हे लिहायला बसलेय. व्हॉट्सअॅपवरच पाठवणार आहे, पण बसून एकदम वाच, ट्रॅफिकमध्ये तुकड्या तुकड्यात नको.

आधी एक लपवलेलं सांगते. लाली घोडी मरता मरता वाचली. कोजागिरीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. तुला कळवलं नाही कारण तुझं ऑफिसचं ते काहीतरी सबमिशन चालू होतं आणि तू इथे येऊन तरी काय करणार होतास.

झालं असं की पावसात गव्हाणीची फळी कुजून पडली. बाबा म्हणाले गणपती होऊ देत मग करतो, गणपती गेले तर म्हणाले नवरात्र होऊ दे, पण दोष त्यांच्या एकट्याचा नाही, रोज गवताचे भारे खाली जमिनीवर टाकणारी मीच होते. आपलं अंगण म्हणजे वाळूच, चार बोटं उकरलं की समुद्र. घोडी गवताबरोबर वाळू खात होती, रोज थोडी थोडी, दोन महिने. मला दिसत होतं, लक्षात येत नव्हतं. तुझ्या आजोबांनी शंभर वेळा सांगितलं असेल की घोड्याला किनाऱ्यावर खाली टाकून खायला घालू नये, तोबरा बांधावा नाहीतर घमेल्यात द्यावं. पण काम उरकायच्या नादात सांगितलेलं सगळं कुठे जातं कोण जाणे.

रात्री दीडला जाग आली ती नाल फरशीवर घासल्याच्या आवाजाने. खर्रर्र, थांबायचा, परत खर्रर्र. जाऊन बघते तर लाली पुढच्या पायाने जमीन उकरतेय आणि मान वळवून स्वतःच्याच पोटाकडे बघतेय, मागून कोणी हाक मारल्यासारखी. संध्याकाळची चंदी घमेल्यात तशीच, भिजवलेले चणे सुटून आंबायला लागलेले. लीद नाही. मी कुशीला कान लावला. एरवी आत कसं गुडगुड गुडगुड चालू असतं, दूर कुठेतरी गाडा चालल्यासारखं. त्या रात्री काहीच नाही, शांत. हिरडीवर बोट दाबून काढलं, पांढरा डाग दोन सेकंदांत परत लाल व्हायला पाहिजे, मी चारपर्यंत मोजलं. जबड्याखाली नाडी बघितली तर मिनिटाला ६४, स्वस्थ उभ्या घोड्याची ३०-४० असते. तेवढ्यात तिने गुडघे वाकवले आणि लोळायला लागली.

घोड्याला उलटी होत नाही, माहीत आहे ना तुला? आपलं पोट बिघडलं की आपण ओकून मोकळे होतो, घोड्याच्या आत गेलं की ते पुढेच जाणार, नाही गेलं तर संपलं. डॉक्टरांना फोन लावला, ते दुसऱ्या गावात एका गाईच्या बाळंतपणाला अडकले होते, म्हणाले मी येईपर्यंत एक घास देऊ नका, हळूहळू फिरवा, लोळू देऊ नका. शेजारचे काका उठून आले, त्यांचं म्हणणं ओवा-हिंग उकळून बांबूच्या नळकांड्याने पाजा, पूर्वी सगळे तेच करायचे. मी नको म्हटलं. घशाऐवजी फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया, मग पोटदुखी बरी म्हणायची वेळ. काका जरा रागावले, पण कंदील धरून उभे राहिले बिचारे, लाईट होती तरी कंदील.

अडीच तास बाबा तिला अंगणात फिरवत होते. त्रयोदशीचं चांदणं, मी माडाखाली बसलेले. आणि बाबा तिच्याशी बोलत होते बबड्या, सतत. तुला माहीतच आहे घरात हा माणूस दिवसाला दहा वाक्यं बोलतो. तिला सगळा हिशेब सांगत होते, आज किती फेऱ्या झाल्या, कोणी पैसे बुडवले, पेंढ्याचा भाव काय झाला, गाडीचं डावं चाक वाजतंय. तुझं नाव पण दोनदा घेतलं. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, मी विचारलंही नाही.

चारला डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून लिक्विड पॅराफिन सोडलं. बाबांनी डोकं धरलं होतं, हलू दिलं नाही. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी लालीने लीद टाकली. आणि तुझ्या बाबांनी त्या लिदीला हात जोडले, खरंच, मी बघितलं.

मग डॉक्टरांनी एक बादली पाणी मागितलं, त्यात लिदीचे पाच-सहा गोळे फोडून ढवळले आणि ठेवून दिलं. चहा पिऊन झाल्यावर वरचं पाणी हळू ओतलं. तळाला आपली किनाऱ्याची काळपट वाळू, दोन बोटं जाड. मी हात घालून बघितली, बोटांत कचकच. ही मी तिला खायला घातली होती. डॉक्टर काही बोलले नाहीत, गव्हाणीकडे एकदा बघितलं फक्त. बाबांनी त्याच दिवशी सुताराची वाट न बघता फळ्या ठोकल्या, खाली जुनी रबरी मॅट अंथरली. आता डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे महिन्यातून काही दिवस इसबगोल चालू आहे, चंदीत कालवून. पहिल्या दिवशी तिने ते फुर्रर्र करून माझ्या तोंडावर उडवलं, दुसऱ्या दिवशी गूळ घातला तेव्हा खाल्लं.

आता मुद्द्यावर येते, घोडं कुठे पेंड खातंय ते.

तुझा हिशेब चुकीचा नाही. मला आकडे कळतात. पावसाचे चार महिने कमाई शून्य आणि खाणं तेवढंच, वर त्या दिवसांत चिखलाने खूर सडतात, रोज उचलून साफ करा, वास आला की समजायचं आत काळं झालंय. नालबंद चाचा सहा-सात आठवड्यांनी येतात, आता पूर्वीच्या दुप्पट घेतात आणि त्यांच्यामागे ते काम शिकणारा कोणी नाही. समुद्रातल्या किल्ल्यावर घोडागाडी न्यायची तर समुद्र आपल्या सोयीने हटत नाही. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हे तू तिसरीत पाढ्यांबरोबर शिकलास. अष्टमीला भरती सहाला म्हणजे ओहोटी बाराला, डोक्यावर ऊन, त्यात भांग, म्हणजे भरती-ओहोटी लहान, असल्यामुळे पाणी पुरतं ओसरतही नाही. पण शनिवार आला की माणसं येणार, त्यांना तिथीशी काय. गेल्या महिन्यात एक जण आला, नव्वद किलोचा तरी असेल, पाखरीवर बसायचं म्हणाला. तीनशे किलोच्या घोड्याने साठ किलोपर्यंत न्यावं, त्याहून जास्त नाही, म्हणून बाबांनी नाही सांगितलं. त्याने एक स्टार दिला आणि लिहिलं की मालक उद्धट आहे. मला तर हसूच आलं, हा माणूस उद्धट व्हायला आधी बोलायला तर पाहिजे.

म्हणजे तू म्हणतोस ते मला पटत नाही असं नाही. पण विकायची म्हणजे कोणाला? पाखरी विकली जाईल. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या बाजारात अंगावरच्या केसांचा भोवरा चुकीच्या जागी म्हणून स्वस्तात मिळाली होती, आज चार माणसं तिला विचारतात, भोवरा कोणी बघत नाही. मुश्कीलाही घेतील, तिचं शिंगरू तर लगेच जाईल. लालीचं काय? २०१५ ला हायकोर्टाने मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, तेव्हा आली ती, त्या म्हाताऱ्या मालकाने पैसे सुद्धा पूर्ण घेतले नाहीत. आठवतं तुला, तू बारा वर्षांचा, तिला पहिल्यांदा किनाऱ्यावर नेलं तेव्हा ट्रकचा हॉर्न वाजला तर ढिम्म हलली नाही आणि एवढीशी लाट पायाशी आली तर चार पावलं मागे. तूच रोज पाण्याच्या कडेकडेने न्यायचास, महिनाभर, चप्पल वाहून गेली एकदा. आता ती विशीला आली. मागच्या आठवड्यात एक बँडवाला येऊन गेला, वरातीसाठी. म्हणाला म्हातारी असली तरी चालेल, दिसायला उंच आहे, रंग मारू. रंग मारू म्हणाला रे. कानाशी डीजे, पायाखाली फटाके. बाबांनी त्याला चहा पाजला आणि गेटपर्यंत सोडून आले, मग तासभर कोणाशी बोलले नाहीत.

निसर्ग वादळ तू बघितलंस, ३ जून २०२०. पत्रे उडायला लागले तेव्हा बाबांनी दावणी कापून सगळ्यांना पोफळीपासून लांब मोकळ्या शेतात सोडलं, आणि आपण खिडकीतून बघत होतो, घोडी वाऱ्याकडे पाठ करून एकमेकांना चिकटून उभी, माना खाली. तू म्हणालास पळून जातील. संध्याकाळी वाडीतल्या निम्म्या पोफळी आडव्या आणि घोडी तिथेच. नंतर लाईट नाही, लॉकडाऊन, एक माणूस किनाऱ्यावर नाही, गंजीतलं गवत भिजून बुरशी आलेलं, ते घातलं असतं तर पोटशूळच. सगळं फेकलं. तेव्हाही विकायचा विषय निघाला होता, आणि तो मी काढला होता, बाबांनी नाही. हे तुला माहीत नव्हतं ना.

तर आमचं ठरलंय ते असं. रूम एक बांधायची, दोन नाही, आणि ती जुन्या गाडीशेडच्या जागी, पागेला हात लावायचा नाही. एसीचं तू बघ, हप्ता तू भरणार असशील तर लाव. शिंगरू वर्षाचं झालं की द्यायचं, पण घर बघून, बाबा स्वतः जाऊन त्यांची गव्हाण बघणार आहेत (मी म्हटलं आधी आपली बघा). लाली आता गाडीला नाही, किनाऱ्यावर पण नाही. सकाळी वाडीत सुटी असते, दुपारी माडाच्या सावलीत एक पाय ढिला सोडून उभ्या उभ्या झोपते. पोरं येतात तिला गाजर द्यायला, त्याचे बाबा पैसे घेत नाहीत. यावर तुझं काही म्हणणं असेल तर बाबांना फोन कर, मला नको. आणि स्पीकरवर आहे का ते आधी विचार.

येताना पुण्यातून इसबगोलचं मोठं पोतं मिळतं का बघ, इथे मेडिकलमध्ये माणसांचे छोटे डबे मिळतात आणि दुकानदार माझ्याकडे दयेने बघतो. खूर साफ करायचा आकडा पण आण, चांगल्या लोखंडाचा, जुना वाकलाय. चाचा पुढच्या रविवारी सकाळी येणार आहेत. लाली उजवा मागचा पाय फक्त तुलाच सरळ उचलू देते, बाबांना लाथ दाखवते, तेव्हा शनिवारी रात्रीच पोच.

आई