पाटीवर पगार पण लिहा की

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बंगळूरात सध्या कसल्या नोकऱ्यांना डिमांड आहे त्यावर आपल्या पेपरात अर्धं पान आलेलं वाचलं. डेटा, एआय, क्लाउड, सगळं ठीक आहे, परदेशी कंपन्यांची जी मोठी ऑफिसं देशात आहेत (१७०० च्या वर म्हणतात) त्यातली जवळजवळ निम्मी एकट्या बंगळूरात, म्हटल्यावर डिमांड असणारच. पण आमच्या बेळगावच्या अनगोळात ते पान वाचून उपयोग किती जणांना? इथली निम्मी पोरं आयटीआय नाहीतर डिप्लोमा, हात सीएनसी-व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, धातू कापायच्या मशिनांवर) बसलेला.

आणि डिमांड इथं नाही असं पण नाही हो. इथल्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, सकाळी एक चक्कर मारा, दर चार गेटमागं एका गेटवर पाटी, "व्हीएमसी ऑपरेटर, फिटर, हेल्पर पाहिजेत, आत भेटा". तीच पाटी चार-चार महिने तशीच, पावसानं खडू पुसला की परत गिरवतात. मालक लोक म्हणतात पोरं मिळत नाहीत, सगळी पुण्याला पळतात. अहो पण त्या पाटीवर पगार कुठं लिहिलाय?

माझा धाकटा असाच एका मशीन शॉपमध्ये क्रँकशाफ्ट मशिनिंगला होता, तीन वर्षं. दुसरीकडं विचारायला गेला, तर तो घरी पोचायच्या आधी त्याच्या मालकाला फोन, "तुझा पोरगा आमच्याकडं आलाय बघ". दुसऱ्या दिवसापासून ओव्हरटाईम बंद. आता पुण्याजवळ चाकणला आहे. हातात चार हजार जास्त पडतात, त्यातले तीन खोलीभाडं आणि मेसमध्येच जातात, म्हणजे राहिलं काय, हजार रुपये आणि महिन्यातून एकदा रात्रीच्या बसनं येणं-जाणं. मी म्हटलं मग ये की परत, आई भाकरी तरी गरम घालेल. तर म्हणतो, बाबा, तिथं रेट विचारला तर सांगतात, इथं विचारला तर राग येतो.

ह्यावर मला काही बोलता आलं नाही.

२०२४ च्या जुलैत कर्नाटकात खाजगी नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षणाचं बिल आलं आणि दोन दिवसांत बाजूला पण ठेवलं, तेव्हा आपल्या मराठी मिडियमच्या पोरांना कन्नडची परीक्षा द्यावी लागणार का म्हणून घराघरात चर्चा. ती चर्चा हवीच, पण पगाराचा आकडा गेटवर लावा असं कोणच म्हणालं नाही, ना इकडचं कर्नाटक सरकार ना तिकडचं महाराष्ट्राचं. केंद्राचे नवे लेबर कोड (कामगार कायदे) २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेत, त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं आहे. आमच्या गल्लीत अजून एकाच्याही हातात ते बघितलं नाही मी.

तर विनंती एवढीच, बंगळूरचं अर्धं पान छापा, पण आठवड्यातून एक कॉलम उद्यमबाग, मच्छे, होनगा, हत्तरगीच्या जागांना पण द्या. कुठं काय काम, शिफ्ट किती तासांची, पीएफ कापतात का, आणि हातात पगार किती. आकडा न देणाऱ्याची जाहिरात घेऊ नका. पहिले दोन आठवडे कॉलम रिकामा राहिला तर रिकामाच छापा.

आपला,
एक जुना टर्नर, अनगोळ, बेळगाव