घोळ टाकीत नव्हताच

नागपूर, रविवार

प्रिय सुधीर,

परवा फोनवर अर्धवटच सांगून झालं, म्हणून आता निवांत लिहितोय. माझ्या माशांच्या, म्हणजे पाणझाडं लावलेल्या काचेच्या टाकीचा घोळ एकदाचा सापडला.

दीड महिना मी दर रविवारी अर्धं पाणी बदललं, माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. तरी पाण्यातलं नायट्रेट (माशांच्या घाणीतून साठतं ते) लिटरमागे 60 मिलिग्रॅमच्या खाली येईना. शेवटी सहज म्हणून स्वयंपाकघरातल्या नळाचंच पाणी तपासलं, तर 40! तपासणीच्या किटमधली दुसरी बाटली नीट हलवली नाही की आकडा चुकतो, म्हणून चांगली अर्धा मिनिट हलवून पुन्हा केलं. पुन्हा 40. मग खाली मीटरजवळच्या नळाचं, म्हणजे पेंच धरणाहून येणाऱ्या थेट लाइनीचं पाणी आणलं. रंग जेमतेम बदलला, 5 सुद्धा नाही.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. एप्रिल लागला की आमच्या गच्चीवरची टाकी बोअरवेलवर भरतात! 40 चं पाणी कितीही बदललं तरी माशांची टाकी 40 च्या खाली कशी जाणार? त्यात मी वरून दर आठवड्याला झाडांना खत म्हणून पोटॅशियम नायट्रेट घालत होतो, कारण खताच्या मात्रेत नळाचं पाणी कोरंच धरलेलं असतं. झाडांना 10 ते 20 भरपूर होतं रे.

नायट्रेट मातीला चिकटत नाही, पावसाच्या पाण्याबरोबर सरळ खाली उतरतं. जुन्या वस्तीतले शोषखड्डे, फुटकी गटारं, आणि गावाकडे शेतातला युरिया, सगळ्यांचा हिशेब शेवटी बोअरमध्येच जमा होतो. एक सांभाळ, काही किट नुसता नायट्रोजनचा आकडा दाखवतात, त्याला 4.4 ने गुणावं लागतं. तिथे 10 दिसलं म्हणजे खरे 44.

आता मी मीटरजवळून बादल्या भरून आणतो, क्लोरीन मारायचं औषध घालतो, आणि पोटॅशसाठी पोटॅशियम सल्फेट वापरतो. हॉर्नवर्ट नावाची पाणवनस्पती सोडलीये, मनीप्लांटची मुळंही पाण्यात लोंबताहेत. आकडा 20 वर आलाय. शेवाळही हटलं, पण ते मला वाटतं दिवा 10 तासांवरून 7 वर आणल्यामुळे. फुटाळा तलावाजवळच्या नालीतून आपण डबड्यात गप्पी मासे धरून आणायचो, तेव्हा हे कुठं ठाऊक होतं!

पण मला खरी झोप लागली नाही ती दुसऱ्याच कारणानं. पिण्याच्या पाण्याची आपल्याकडची मर्यादा 45 आहे, म्हणजे आमचा नळ काठावरच. मोठ्यांचं निभतं, पण तान्ह्या बाळाच्या रक्तातला प्राणवायू कमी पडून ते निळं पडू शकतं. उकळून उपयोग नाही, पाणी आटतं आणि नायट्रेट उलट दाट होतं. वरच्या मजल्यावरच्या काकूंची लेक बाळंतपणाला आलीये, बाळ दोन महिन्यांचं, वरचं दूध सुरू आहे. मी त्याच संध्याकाळी किट घेऊन वर गेलो आणि दोन्ही परीक्षानळ्या त्यांच्यासमोर शेजारी शेजारी धरल्या. काकू काही बोलल्या नाहीत. सकाळी मी बादली घेऊन उतरलो, तर मीटरजवळ त्यांची कळशी आधीच भरत होती.

तुमच्या सोसायटीतही टँकर येतो ना? त्याचं पाणी तपास आणि मला आकडा कळव.

तुझाच,
मिलिंद