खंबाटकीत बंद पडलेली पद्मिनी

पुणे
रविवार, रात्री

प्रिय विन्या,

तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू आहे, तुझीही असेलच. आता मुद्द्याचं. नानांची प्रीमियर पद्मिनी गाडी खंबाटकी घाटात बंद पडली. घरात कुणाशी यावर बोलायची सोय नाही, कारण विषय काढला की चिरंजीव "विकून टाका" म्हणून मोकळे होतात. म्हणून तुला लिहितोय.

आईला एकदा वाईला जायचंय आणि ते नानांच्याच गाडीतून. तिला न्यायच्या आधी गाडीचा अंदाज घ्यावा म्हणून मी आणि सुमा निघालो. शिरवळपर्यंत गाडी मस्त. घाट अर्धा चढलो आणि धक्के द्यायला लागली, मग गपकन बंद. तू असतास तर लगेच ओला फडका घेऊन इंजिनवरचा पेट्रोल पंप गार करायला धावला असतास. मी आधी एअर क्लीनर काढून अॅक्सिलरेटर ओढला. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची धार स्वच्छ येत होती. म्हणजे व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं, हे नाही, आधी मान्य कर.

मग आपल्या मेकॅनिक उस्तादची पद्धत: "पहले करंट देखो." डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपमधली मधली वायर काढली, रबरी मुठीच्या पक्कडीत धरून ब्लॉकपासून पाव इंचावर ठेवली आणि सुमाला सेल्फ मारायला सांगितला. ठिणगी पिवळी, मरतुकडी, मध्येच गायब. टेस्ट लॅम्प कॉइलच्या, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या डब्याच्या, प्लसला लावला, पेटला. मायनसला लावला, तर सेल्फबरोबर उघडझाप. म्हणजे स्विचपासून सप्लाय येतोय आणि कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट उघडमीट करतायत. कंडेन्सर डिकीत होता तो बदलून पाहिला, फरक शून्य. कॉइलला हात लावला तर चटका बसला. चहा पिऊन येईपर्यंत ती गार झाली आणि गाडी पहिल्या सेल्फला चालू!

आता महाबळेश्वरचं आठव. तू पंपावर ओला फडका ठेवलास, अर्ध्या तासाने गाडी सुरू झाली आणि तेव्हापासून तुझी कॉलर ताठ. अरे, त्या अर्ध्या तासात कॉइलही गारच झाली होती! मी तेव्हाही हेच म्हणत होतो. तू आणि मन्या माझ्यावर हसत होतात.

घरी आल्यावर कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवून मीटर लावला. प्लस-मायनसमध्ये १.८ ओहम. मीटरच्या पिना एकमेकींना टेकवल्या तर ०.३, ते वजा केले की दीड. विन्या, दीड! आपल्या गाडीला बॅलास्ट रेझिस्टर, म्हणजे कॉइलचा करंट आवरणारा वेगळा रेझिस्टर, नाही, तिला तीन ओहमची कॉइल लागते. मागच्या वर्षी एका गॅरेजात सर्व्हिसिंगला दिली होती तेव्हा कॉइल बदलली होती, ती बॅलास्टवाल्या गाडीची निघाली. तीन ओहमला बारा व्होल्टवर जास्तीत जास्त चार अँपिअर जातात, दीडला आठ. कॉइल तापते ती तापतेच, पॉइंटही जळतात. उघडून पाहिले तर एकावर टेकाड, दुसऱ्यावर खड्डा. अशी कॉइल बसवून देणाऱ्याने बोनेट लावण्याआधी एकदा मीटर लावायला नको होता का? मला याचा फार राग आहे.

गंमत म्हणजे कॉइलची सेकंडरी, म्हणजे ठिणगीकडची आतली गुंडाळी, मोजली तर नऊ हजार ओहम, अगदी तंदुरुस्त. मीटर आतून जेमतेम काही व्होल्ट सोडतो आणि कॉइलला तर हजारो व्होल्ट सांभाळायचे असतात. तापल्यावर आतलं इन्सुलेशन हार मानतं ते मीटरला कधीच दिसत नाही. म्हणून उस्ताद गाडी चांगली तापवून मगच ठिणगी बघायचा. आपण त्या वेळी कंटाळून वडापाव खायला पळायचो.

आता खरी काळजी. नानांची मूळ कॉइल माळ्यावर सापडली. तीन ओहम, पण टोपीच्या सांध्यातून तेल झिरपतंय, म्हणजे ती गेलीच. बाजारातून नवी आणली, डब्यावर मोठ्या अक्षरात बारा व्होल्ट, मोजली तर पुन्हा दीड. दुकानदार म्हणतो "सबको यही लगता है." कुर्ल्याला गाड्या बनत होत्या आणि मुंबईभर टॅक्सी होत्या तोवर हे सामान कोपऱ्यावर मिळायचं. २०२३च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, आता दुकानदाराने तरी कुणासाठी माल ठेवायचा? या नव्या कॉइलला दीड ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये जोडला तर चालेल, तेही करून ठेवीन. पण आईला शेजारी बसवून घाट चढायचा तर मला नीट तीन ओहमचीच कॉइल हवी. आई शहाऐंशी वर्षांची आहे, विन्या. भर उन्हात तिला घाटात, ट्रकांच्या धुरात बसवून ठेवायची कल्पनाच सहन होत नाही. आणि दुसऱ्या गाडीने चल म्हणालो तर ती म्हणते, "मग राहू दे." रात्री झोप लागत नाही ती याने.

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिनूचं अॅडमिशन झालं का? झालं असेल तर पेढे राहिले, नसेल तर कळव, नाशिकला ओळख आहे. प्लॉटचं तुझं तू बघ, मी सांगितलेलं तू ऐकत नाहीस.

आता काम. नागपुरात तुझ्या ओळखीचे जुने स्पेअरवाले आहेत त्यांच्याकडे जा. अँबॅसिडरची कॉइल असली तरी चालेल, ओहम जुळले आणि क्लॅम्पमध्ये बसली की झालं. मीटर स्वतःचा ने, पिना आधी टेकवून बघ, तळाला किंवा टोपीला तेलाचा डाग असेल तर हातही लावू नकोस. दोन घे. भाव करायला मन्याला बरोबर ने, तुला ते जमत नाही. दिवाळीआधी कुरियर कर.

तुझा,
बाळ्या