औषध स्वस्त, पेन महाग

संपादक महोदय,

तीव्र अ‍ॅलर्जीच्या रुग्णांनी जवळ बाळगायचे इंजेक्शन परवडत नाही, ही तक्रार खरी आहे. पण दोष औषधाचा नाही. त्यातले अ‍ॅड्रेनलिन 1901 पासून ठाऊक आहे, त्याच्या पेटंटचा प्रश्न कधीच मिटला आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे आणि 1 मिलिग्रॅमची अँप्युल, म्हणजे काचेची बंद कुपी, अगदी स्वस्तात बनते. पैसे लागतात ते मांडीवर दाबताच सुई आपोआप टोचणाऱ्या स्प्रिंगच्या पेनला. तेही एकदाच नव्हे. साधारण वर्ष-दीड वर्षात मुदत संपते आणि एका डोसने भागेलच असे नसल्याने पेन दोन ठेवावे लागतात.

मग खिशात राहते ती अ‍ॅलर्जीची गोळी. ती अंगावरचे पित्त आणि खाज कमी करते, पण सुजलेला घसा मोकळा करत नाही आणि कोसळणारा रक्तदाबही सावरत नाही. स्टेरॉइडला तर काम सुरू करायलाच काही तास लागतात. जीव वाचवते ते अ‍ॅड्रेनलिनच आणि तेही पहिल्या काही मिनिटांत दिले तर.

पेन घेणे शक्यच नसेल, तर अँप्युल आणि सिरिंज हा दुय्यम, पण खरा पर्याय आहे. डॉक्टरांनी तो लिहून द्यायला हवा आणि शिकवायलाही हवा. मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोला 0.01 मिलिग्रॅम, मोठ्या माणसाला जास्तीत जास्त 0.5. अँप्युलवर ‘1 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर’ असेल, तर 15 किलोच्या मुलाला 0.15 मिलिलिटर आणि मोठ्या माणसाला 0.5 मिलिलिटर, म्हणजे अर्धीच अँप्युल. घाबरलेला माणूस पूर्ण भरतो, ही पहिली चूक. दुसरी चूक इन्सुलिनची सिरिंज वापरण्याची: तिची सुई इतकी आखूड असते की औषध स्नायूऐवजी चरबीत जाते आणि खुणा मिलिलिटरच्या नसून युनिटच्या असतात. 1 मिलिलिटरची साधी सिरिंज आणि 25 मिलिमीटरची सुई घ्यावी. टोचायची जागा मांडीची बाहेरची बाजू, मधोमध. वेळ नसेल तर कपड्यावरूनही चालते. शिरेत कधीही देऊ नये.

अडचण वेळेची आहे. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अँप्युलमधून डोस भरायला पालकांना सरासरी 142 सेकंद लागले, आपत्कालीन विभागातल्या परिचारिकांना 29. पालकांनी भरलेल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या डोसमध्ये चाळीस पटींचा फरक होता. म्हणून नुसती अँप्युल हातात देऊन मोकळे होणे म्हणजे निम्मेच काम. त्यापेक्षा दवाखान्यातच नेमका डोस भरून, झाकण घट्ट लावून, अंधाऱ्या कडक डबीत सिरिंज द्यावी आणि दोन-तीन महिन्यांनी ती बदलावी. खर्च तरीही पेनच्या पासंगाला पुरत नाही. हे फारसे कोणी सांगत नाही. भरलेली सिरिंज विकून कोणाचे काय भले होणार!

पेनच घेतले असेल तर निदान ते वाया घालवू नका. फ्रीजमध्ये नको, तापलेल्या गाडीतही नको. साधारण 20 ते 25 अंश बरे. पेनवरच्या छोट्या खिडकीतून अधूनमधून आतला द्रव पाहा: तपकिरी किंवा गढूळ दिसला तर बदला. मुदत संपताच औषधाचे पाणी होत नाही, ताकद हळूहळू उतरते. म्हणून नवे आणावेच, पण ऐन वेळी दुसरे काहीच हाताशी नसेल तर आतला द्रव स्वच्छ असलेले जुने पेन वापरावे. इंजेक्शन दिल्यावर रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवावेत. धाप लागत असेल तर बसू द्यावे, पण उभे करू नये. पाच ते पंधरा मिनिटांत उतार नसेल तर दुसरा डोस द्यावा. बरे वाटले तरी रुग्णालय गाठावेच, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो.

एक मागणी आहे. चिठ्ठीवर डोस मिलिग्रॅमसोबत मिलिलिटरमध्येही लिहावा, आणि सिरिंजवर त्या रेषेशी लाल खूण करून द्यावी.

– एक औषधनिर्माता