दोन ‘डी’ वेगळे ठेवल्याबद्दल, तासगावच्या आशाताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तासगावकडून मिरजेला मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीला, येणाऱ्या बायकांच्या पिशवीत हल्ली जुन्या फिल्म असतात, पाळीची तारीख कागदावर लिहिलेली असते आणि काखेत पावडर नसते. हे तुमचं काम. पावडरीचे नि डिओडरंटचे कण फिल्मवर कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे उमटतात आणि उगाच दुसऱ्यांदा फोटो काढावा लागतो. पाळी आल्यापासून सातव्या ते चौदाव्या दिवसात आलं की स्तन कमी दुखतात, दाब नीट देता येतो.

पण खरे आभार दुसऱ्याच गोष्टीचे. फिल्मवर दिसणाऱ्या स्तनाच्या घनतेचे ए, बी, सी, डी असे चार वर्ग, ‘डी’ म्हणजे सगळ्यात दाट. चाळिशीतल्या, पाळी चालू असलेल्या बाईच्या रिपोर्टवर ‘डी’ आला आणि लॅबच्या कागदावर ‘व्हिटॅमिन डी १४’, म्हणजे कमी, असलं, की घरचे दोन्ही एकाच माळेत ओवतात. तुम्ही ती माळ तोडलीत.

दोन्हींचा संबंध असावा, ही शंका खुळी नव्हती. कॅनडातल्या क्युबेकमधल्या पाहणीत, रक्तात व्हिटॅमिन डी जास्त असताना काही महिन्यांनी घनता थोडी कमी दिसली होती. म्हणून तिथेच पाळी चालू असलेल्या ४०५ बायकांवर चाचणी झाली: रोज १०००, २००० किंवा ३००० युनिट, नाहीतर डी नसलेली नुसती गोळी, वर्षभर. डी वाढलं, पण घनता काही नुसत्या गोळीवाल्यांपेक्षा जास्त उतरली नाही. अमेरिकेत जास्त धोका असलेल्या बायकांना आठवड्याला २०,००० युनिट देऊनही तेच. घनता मुख्यतः वय, वजन, आनुवंशिकता आणि संप्रेरकांवर चालते. पाळी गेल्यावर बहुधा ती आपोआप उतरते. आणि हाताला घट्ट लागणारा स्तन म्हणजे दाट स्तन नव्हे, घनता फिल्मवरच कळते. दाट भाग पांढरा, गाठही पांढरी, म्हणून सोबत सोनोग्राफी सांगतात. ती सांगितली म्हणजे काही सापडलं असं नाही, हेही तुम्ही आधीच पटवून पाठवता.

डी कमी असेल तर ते भरून काढायचंच, पण हाडांसाठी. द्राक्षबागेत दिवसभर असूनही पूर्ण बाह्या, स्कार्फ, ओढणी, मग ऊन अंगाला लागणार कसं? सकाळी सातचं कोवळं ऊनही फारसं कामाचं नाही. सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हाचं हवं.

६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, बहुधा आठ आठवडे, जेवणानंतर दुधातून. तुम्ही पाकिटावर पेनाने वार लिहून देता, ही युक्ती आम्ही उचलली आहे. रोज एक पुडी घेतली की रक्तातलं कॅल्शियम चढतं: उलट्या, सतत तहान, बद्धकोष्ठ, पुढे मूत्रपिंडाला इजा. पुन्हा तपासणी तीन महिन्यांनी. त्याआधी आकडा स्थिरावत नाही, पैसे मात्र जातात. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर लॅबला सांगायला लावा, काही यंत्रांवर त्याने आकडा चुकतो.

येत्या पाळीपत्रकांसोबत एक रिकामा रकाना जोडा: संप्रेरकांच्या गोळ्या चालू आहेत का. ते आम्हाला विचारावं लागतं, आणि घाईत राहून जातं.

आपले,
मॅमोग्राफी विभागातले सगळे, मिरज