सांता रीताहून दिनूस

प्रिय दिनू,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या गेट-कंट्रोलरला, म्हणजे रिमोटने फाटक उघडणाऱ्या यंत्राला, इकडे ब्राझीलमध्ये गिऱ्हाईक मिळेल का, कुणाची ओळख काढून दे, असं तू आडपडदा न ठेवता विचारलंस ते बरं झालं. ओळख काढतो, पण इथली रीत आधी ऐक.

सांता रीता दो सापुकाई म्हणजे चाळीसेक हजार वस्तीचं गाव. साओ पावलोपासून सव्वादोनशे किलोमीटरवर, मिनास जेराइसच्या दक्षिणेला. भोवती डोंगर, कॉफीचे मळे, दूधदुभतं. आणि एवढ्याशा गावात इलेक्ट्रॉनिक्सचे शेकड्यावर कारखाने! याचं मूळ एका बाईत आहे. सिन्या मोरेरा ही कॉफीवाल्या बड्या घरातली, काका देशाचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले, नवरा परराष्ट्र खात्यात, त्यामुळे बाई जपान पाहून आलेली. तिने १९५९ साली इथे इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी शाळा काढली. १९६५ मध्ये इनाटेल हे दूरसंचाराचं इंजिनिअरिंग कॉलेज आलं. शिकलेल्या पोरांनी पुढे गावातच शेड टाकल्या. त्यामुळे धंद्यात एकमेकांचे वैरी असलेले दोन मालक बहुधा एकाच वर्गातले निघतात, आणि तिथेच सगळी गोम आहे.

परवाचंच बघ. सकाळी बेकरीच्या काउंटरला उभा होतो. इथली बेकरी म्हणजे पाव घ्यायचा, कॉफी प्यायची आणि गावाची खबरबात ऐकायची जागा. चीज घातलेले गरम पाव-गोळे नुकतेच भट्टीतून आले होते. शेजारच्याने शर्टाच्या खिशातून एक सर्किट बोर्ड काढून बशीशेजारी ठेवला. व्हॅरिस्टर, म्हणजे विजेच्या झटक्यापासून सर्किट वाचवणारा भाग, जळून काळा कोळसा झालेला. पावसाळ्यात इथे विजा फार पडतात. पलीकडचा गृहस्थ तसाच माल बनवणारा. त्याने चष्मा कपाळावर चढवला, बोर्ड उलटसुलट करून पाहिला आणि आपण कुठला भाग वापरतो, कुणाकडून घेतो, सगळं सांगून टाकलं. पिंपरीत असं कुणी सांगेल?

पण भुलू नकोस. "एकदा निवांत भेटू या" असं दहा जण म्हणतील, तारीख एकही देणार नाही. आपल्याकडच्या "या एकदा घरी" इतकाच त्याचा अर्थ. खरं बोलावणं रविवारच्या चुराश्कोचं. अंगणात निखाऱ्यावर मांस भाजायचं, मांस नि बिअर सगळ्यांनी मिळून आणायची. माझ्यासारख्या शाकाहाऱ्याच्या वाट्याला भाजलेलं चीज आणि लसूणपाव येतो, पण तिथे धंद्याचं बोलायचं नसतं. आई-वडील कुठे असतात, मुलं किती, हे आधी. कामाचा विषय निघालाच तर निघताना, फाटकापाशी.

गावाचा जाचही आहे बरं का. आमच्या इथल्या एकाने दुसरीकडे मुलाखत दिली, तर तो परतायच्या आत साहेबाला कळलं होतं. जुन्या घराण्यांचा शब्द अजून चालतो, आणि जो या शाळा-कॉलेजातला नाही त्याला बराच काळ पाहुणाच समजतात. मी अजून पाहुणाच आहे.

म्हणून तुला सुचवतो, हॅकटाऊनच्या दिवसांत ये. २०१६ पासून हा तंत्रज्ञानाचा मेळा इथे भरतो. व्याख्यानं हॉलमध्ये कमी, बारमध्ये, वर्गांत, लोकांच्या घरांत जास्त. एरवी दार न उघडणारी माणसं तेव्हा रस्त्यावर सापडतात. रिमोट रेडिओवर चालत असेल तर अनातेल या सरकारी संस्थेची मान्यता लागेल, आणि आयातीवरचे कर ऐकून तुझे डोळे पांढरे होतील. माझं मत विचारशील तर तयार माल पाठवण्यापेक्षा इथल्या कुणाला तरी जुळणीत भागीदार घे.

तोवर माहितीपत्रक पोर्तुगीजमध्ये करून घे, इंग्रजी कुणी वाचत बसणार नाही. दोन नमुने आणि सर्किटचा नकाशा पाठव. बेकरीतल्या त्या चष्मेवाल्याला दाखवतो. काकूंना नमस्कार, आणि वहिनींना म्हणावं लोणच्याची बरणी मागच्या वेळेसारखी विसरू नका.

तुझा,
मिलिंद